आईंच्या गोधडीवरचा डाग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलीला नाही, आणि देवापुढे बसले तर तिथेही दुसरंच काहीतरी पुटपुटून उठते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या सासूबाईंना कधी पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

गोष्ट एका गोधडीची आहे. ऐकायला किती साधी वाटते ना?

ऐंशी सालानंतरची दोनचार वर्षं. कांदिवलीला हाउसिंग बोर्डाची एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी. घरात हे, मी आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणायचे. मालवणकडच्या, बोलायला कमी, कामाला वाघ. ती गोधडी त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यांची आणि सासऱ्यांच्या धोतरांची शिवली होती. शेवटचा कोपरा बंद करताना आत तांदळाचे दाणे घातले होते. "गोधडी उपाशी ठेवची नाय," म्हणायच्या. झोपायच्या तिच्यावरच.

आणि माझा बोका होता, सोन्या. हे दिवसभर कंपनीत, आईंना ऐकू कमी, मूलबाळ अजून नव्हतं — मी बोलायचे ती सोन्याशी. हसू नका. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. यांना तो डोळ्यांसमोर नको असे. "घरात घाण केली ना, तर पोत्यात घालून गोवंडीला सोडून येईन. मग रडत बसू नकोस," असं यांनी बजावून ठेवलं होतं. आणि हे बोलतील ते करणारे.

एका सकाळी गोधडीवर डाग. पिवळा, ताटाएवढा. वास असा, की बोका पाळलेल्या माणसाला तो वेगळा सांगावा लागत नाही. मला क्षणात कळलं. आईंना कळलं नाही — तपकिरीने त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं. त्या ओल्या कोपऱ्यावर हात ठेवून नुसत्या बसल्या होत्या.

हे दाढी करता करता वळले. "काय झालं?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी बोललेही — पण दुसरंच. "असू दे हो. वय झालंय त्यांचं. मी धुते."

किती गोड वाक्य, नाही? यांची मान खाली गेली. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "माका कसा गो कळला नाय?"

मी गोधडी उचलून मोरीत नेली.

तो डाग काही निघेना. सोडा घातला, लिंबू चोळलं, रिठ्याच्या पाण्यात भिजवली. मग डोकं चालवलं आणि उकळतं पाणी ओतलं. डाग पक्का बसला, आणि कोपऱ्यातले तांदूळ आतल्या आत शिजून आंबले. आईंनी तो कोपरा उसवला, आंबलेले दाणे काढले, नवे घातले, पुन्हा टाके घातले. मी सुईत दोरा ओवून दिला. तेवढं मात्र मी केलं.

गोधडी गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातली की अख्ख्या मजल्याला दिसायची. शेजारच्या कांबळेबाईंनी नाक वर करून वास घेतला. "बोका मुतलाय काय गं?"

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची होती. मी आवाज उतरवून म्हटलं, "नाही हो... आईंचं." कांबळेबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सून असावी तर अशी," म्हणाल्या. आणि खोटं कशाला बोलू — ते ऐकून मला बरं वाटलं.

बोका जिथे एकदा खूण करतो तिथे पुन्हा येतो. सोन्या येत राहिला. मी त्याला हाकलायचे, गोधडीच्या कडेला फिनेल शिंपडायचे, रात्र रात्र जागून राखण करायचे. डोळा लागला की झालंच. प्रत्येक डाग आईंच्या नावावर जायचा. यांनी मेणकापड आणलं. मग आईंचं अंथरूण मोरीजवळ गेलं. मग आईंनी संध्याकाळनंतर पाणी सोडलं. मी तांब्या पुढे केला की मागे सारायच्या. "रातचा पाणी नको गो माका." मी तो तांब्या उचलून ठेवायचे. काय करणार होते मी? करण्यासारखं एकच होतं, आणि जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं.

एक दिवस त्यांनीच यांना सांगितलं, "माका गावाक धाड." थोरले दीर-जाऊ गावी होते. निघताना गोधडी घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "माजी घाण काढूची लागली तुका. राग धरू नको हां." मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझी माफी मागितली, आणि मी ती मागू दिली.

सोन्या पुढच्याच वर्षी कुठेतरी निघून गेला, परत आला नाही.

आईंच्या दिवसकार्याला आम्ही गावी गेलो तेव्हा जाऊबाई चुलीपाशी बसून सांगत होत्या. शेवटी त्यांच्या तोंडात पाणी घालायला गेल्या, तर आईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. "अंथरूण खराब होयत," म्हणाल्या आणि तशाच गेल्या. कोरड्या तोंडाने.

जाऊबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मला विचारलं, "त्यांच्या मनानं असा काय घेतला असात गो?"

मी म्हटलं, "वय झालं होतं त्यांचं."