न टांगलेला बिल्ला

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बाबांना तर नाहीच — आणि बाबांनाच आधी सांगायला हवं होतं.

बाबा चिखल्याच्या खाणीत बत्तीघरात, म्हणजे मजुरांना दिवे देण्याच्या खोलीत, कामाला होते. खाली उतरणाऱ्याने आपला बिल्ला फळीवर टांगायचा, वर आला की काढून न्यायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय बाबा खुर्ची सोडत नसत. म्हणायचे, "खाली कोणी हाय का नाही, हे बिल्ला सांगते. आपलं मन नाही सांगत."

माझं कामही तेच, फक्त कॉम्प्युटरच्या पोटात. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रत्येक चालू प्रोग्रामच्या मेमरीवर एक आकडा ठेवतो — किती जण ती वापरताहेत. घेताना एक वाढवायचा, सोडताना एक कमी करायचा. शून्य झाला की ती मेमरी दुसऱ्याला जाते. बत्तीघरवाल्याच्या पोराला हे शिकवावं लागतं का?

आणि मीच आकडा न वाढवता आत गेलो. एक ओळ लिहिली नाही. वाटलं, क्षणभराचं तर काम — तेवढ्यात प्रोग्राम थोडाच बंद पडतोय! पडला. मेमरी दुसऱ्याला गेली आणि माझा कोड तिथेच लिहीत बसला. गिऱ्हाइकांकडची यंत्रं धडाधड बंद पडू लागली.

पण ही झाली चूक. चूक कोणाचीही होते. मला शिसारी येते ती पुढच्याची.

यंत्र अडकायचं ते वैशालीच्या कोडमध्ये. आसगावची वैशाली, ऑफिसात माझ्या शेजारी बसायची. आकडा कमी करणारा भाग तिचा. तो चोख होता. माझी गाळलेली ओळ मला सोमवारी सापडली. मंगळवारी साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं — आणि मी म्हणालो, तिच्याकडून आकडा एकदा जास्त कमी होत असावा. 'असावा' म्हणालो! किती सांभाळून. किती घाणेरडं.

साहेबांनी तिचा भाग बदलून घेतला. त्याच दिवशी 'कोड नीटनेटका केला' अशी नोंद करून मी माझी ओळ गुपचूप घातली. यंत्रं चालू लागली. मग काय, सगळ्यांची खात्रीच पटली. तिला काढलं.

जाताना माझ्याकडे आली. "भाऊ, तुमीच सांगा ना, माहं काय चुकलं? मले दिसूनच नाही राहिलं."

मी म्हणालो, होतं असं कधी कधी. वर तिला चहा पाजला.

परवा पवनीत भेटली. तिथे तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. कुलूप लावून दहा पावलं चालली, परत गेली, कुलूप ओढून पाहिलं. पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा ओशाळून हसली. "मले माह्यावर भरोसाच नाही राहिला, भाऊ. तवापासून."

तिची पिशवी माझ्या हातात होती. मी म्हणालो, लागलंय कुलूप, चल. तेवढंच म्हणालो.