राखणदाराचा हक्क

तुमची हापूसची बाग जो माणूस बायकोमुलांसह राखतो, त्याच्या मुलीला शाळेत घेतलंय का, हे तुम्ही कधी विचारलंय?

आम्हीही उशिराच विचारलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही चौघी रत्नागिरीत मांडवीला एका मैत्रिणीच्या ओटीवर जमून पत्रकं लिहायचो. मी चळवळीची पत्रकं निघणाऱ्या घरात वाढले, त्यामुळे अन्याय दिसला की आधी मथळा सुचायचा. बागांमधून नेपाळची कुटुंबं राहत. त्यांना नावं आहेत हे कुणाच्या गावी नसे. सगळे सरसकट गुरखे. आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एका बागेतली अशीच एक मुलगी आठ वर्षांची झाली, तरी घरीच होती. हेडमास्तर म्हणत, "ती इथे राहते असा मालकाचा कागद आणा, आजच घेतो." मालक कागद देत नव्हते.

आम्ही पत्रक छापलं, ‘राखणदाराला त्याचा हक्क द्या’, आणि गावभर वाटलं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईला घेऊन मालकांच्या अंगणात गेलो. पत्रक त्यांच्या हातातच होतं.

"अगो, देतो की दरवर्षी," ते म्हणाले. "नारळ देतो, कोंबडा देतो. यंदा काय चुकलं?"

आतून काकू म्हणाल्या, "मी सांगत होते, कोंबडा हडकुळा आहे."

गावात राखणदार म्हणजे जागा सांभाळणारा देव. रत्नागिरीतच जन्मून आम्हा चौघींपैकी एकीच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

"काका, तो नाही," मी म्हटलं. "तुमच्या बागेत राहतो तो माणूस."

त्यांचं हसू गेलं. "त्याला कसला हक्क? उद्या कूळ म्हणून सातबाऱ्यावर नाव चढवील. आमच्या आज्याची अर्धी जमीन अशीच गेली."

"कसणाऱ्यांना मिळाली, बरंच झालं."

मैत्रिणीने मला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. काका उठून आत निघाले.

तेव्हा मुलीची आई पुढे झाली. "मालक, जमीन तुमची. कलमं तुमची. मुलगी माझी. तिचा कागद द्या."

काका उंबऱ्यावर थांबले. तिच्याकडे वळले.

"नाव काय तिचं?"

चार वर्षं ती मुलगी त्यांच्या बागेत वाढत होती. आईने नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं, आमच्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘ही मुलगी आईवडिलांसह माझ्या बागेत राहते’, आणि सही केली.

"पुढच्या बाजूचं मला मान्य नाही हो," ते मला म्हणाले.

"मागच्या बाजूचं पुरे," मी म्हटलं. हे मी म्हणाले याचं मला अजून नवल वाटतं.

हेडमास्तरांनी दोन्ही बाजू वाचल्या आणि मुलीला पहिलीत बसवलं. महिन्याभरात ती आईचं मराठी सुधारू लागली. पुढच्या जूनपर्यंत आम्ही आणखी तीन बागांतून असे कागद लिहून घेतले. पत्रक एकही काढलं नाही.

तुमची बाग असेल तर आजच कागद घ्या. तिथे राहणाऱ्या मुलांची नावं त्यांच्या आईवडिलांना विचारून नीट लिहा, खाली सही करा आणि त्यांच्यासोबत शाळेत जा.