मंगळवारचं हिव

आमच्या ह्यांचं सारंगखेड्याच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान आहे. शेडनेटच्या चौकटी, गोठ्याचे खांब, असं जस्त चढवलेल्या पाईपचं काम जास्त. तो पाईप गंजत नाही, म्हणून शेतकऱ्यांना तोच हवा असतो. वेल्डिंगची कांडी टेकली की त्यातून पांढरा धूर निघतो आणि तोंडाला गोडसर चव येते. ह्यांना त्याचं भारी कौतुक, फुकटचा पेढा म्हणायचे. संध्याकाळी वर गुळाचा खडा खाल्ला की छातीतला धूर उतरतो, असं इकडचे सगळेच वेल्डर मानतात.

सोमवारी आमच्याकडे वीज नसते, म्हणून दुकान बंद. आणि मंगळवारी दिवेलागणीला ह्यांना हिव भरायचं, म्हणजे थंडी वाजून ताप. दात वाजायचे, हाडं दुखायची, गोधड्या पुरायच्या नाहीत. सकाळी पाहावं तर माणूस ठणठणीत, चहा पिऊन दुकानात हजर. थंडीताप म्हटला की आमच्या जिल्ह्यात मलेरियाच. दुसरं काही कोणाला सुचतच नाही. गावातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, काही निघालं नाही, तरी मलेरियाच्याच गोळ्या दिल्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शेजारच्या काकू म्हणाल्या, मंगळवार देवीचा वार, तिचं काही राहिलं असेल. मी नारळही फोडला. देवीला वेल्डिंगमधलं काय कळणार?

मग ह्यांना धाप लागायला लागली. बोलता बोलता वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यायचे. ताप निदान सकाळी जायचा, ही धाप काही जाईना. मी घाबरले आणि भांडून ह्यांना शहाद्याला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी नीट समजावलं. जस्ताचा धूर रोज घेतला की शरीर त्याला सरावतं. एक दिवस खंड पडला की तो सराव मोडतो, म्हणून कामावर परतलं की संध्याकाळी ताप. "ताप रात्रीत उतरेल, पण फुप्फुसं खराब झाली तर ती बदलून मिळत नाहीत," म्हणाल्या. जोडायच्या जागेवरचं जस्त आधी ग्राइंडरनं घासून काढा, उघड्यावर काम करा, चांगला मास्क लावा, असंही सांगितलं.

एवढं ऐकून ह्यांनी घरी एकच गोष्ट आणली. "सुटी लिधी का ताप येस," म्हणाले, "मंग सुटीच लेवानी नही."

भाड्याचा जनरेटर आला आणि दुकान सोमवारीही सुरू झालं. ताप खरंच गेला. डॉक्टरीण हुशार आहे, असं हे गावभर सांगत सुटले, आणि त्यांचं पाहून रस्त्यावरचे बाकीचे वेल्डरही सोमवारी कांडी पेटवायला लागले. मी म्हटलं, "अहो, कुत्रं भुंकायचं थांबलं म्हणजे चोर गेला का?" त्यावर "तुले काय कळस?" एवढंच उत्तर. नवऱ्याच्या डोक्यात शिरलेलं काढणं म्हणजे वठलेल्या झाडाला पाणी घालणं.

थंडीत एक दिवस पाईप खांद्यावर घेतला आणि हे मट्कन खाली बसले. ओठ निळसर पडले होते, शब्द फुटत नव्हता. पुन्हा शहादा. बाईंनी नळीत फुंकायला लावलं, तर काटा निम्म्यावरही चढला नाही. महिनाभर शटर उघडायचं नाही, म्हणाल्या. दुकानाची किल्ली मी कमरेला खोचली.

तो महिना मीच कसा काढला, माझं मला ठाऊक. मेथी कशी निवडावी इथपासून ह्यांचे सल्ले. पण धाप हळूहळू कमी झाली. मग बाईंनी बेतानं काम करायची परवानगी दिली.

पहिल्याच दिवशी एक शेतकरी पाईप घेऊन आला. ह्यांनी ग्राइंडर हातात घेतला, तर तो म्हणाला, जस्त घासून काढणार असाल तर मी महागाचा पाईप कशाला आणला? ओळखीचा माणूस. ह्यांना नाही म्हणवेना, आणि जोड न घासताच केला.

संध्याकाळी हिव भरलं. मी गोधड्यांवर गोधड्या टाकत होते आणि तोंडानं ह्यांचा उद्धार करत होते. राग तर होताच, पण मनातून मला बरं वाटत होतं. महिनाभरात ह्यांचं शरीर धूर विसरलं होतं. गोधडीतून आवाज आला, "उद्यापाईन घासीसनच जोडसू."

काकू दारात आल्या. "काय व्हयनं वं? परत ताप?"

"काही नही," मी म्हटलं. "सुटी लागू पडनी."