मोठ्यानं सांगायची प्रेमकथा

माझ्या नायिकेवर तीन पुरुष एकाच वेळी जीव टाकतात. एक अमेरिकेहून परतलेला हृदयरोगतज्ज्ञ, ज्याला मी आजवर एकही पेशंट तपासू दिलेला नाही. दुसरा वनाधिकारी, त्याच्या गणवेशाची वरची बटणं कुठल्याही ऋतूत टिकत नाहीत. तिसरा चित्रकार. तो कायम भिजलेला असतो आणि का भिजला हे मी कधी सांगितलेलं नाही. ही कादंबरी मी एका मोबाइल अ‍ॅपवर टोपणनावानं, भाग पाडून लिहिते. वाचणाऱ्या बायका खाली बदामाची चित्रं टाकतात आणि लिहितात, "ताई, पुढचा भाग जरा मोठा टाका आणि जरा गरम." मी टाकते. दिवसभर मी सावली या तालुक्याच्या गावी, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसते. सर्व्हर बंद पडला की सुरू होईपर्यंत चित्रकाराचा श्वास नायिकेच्या मानेपर्यंत पोचलेला असतो.

नायिका आतून मोडलेली आहे. हिमाचलात बर्फावरून तिची गाडी दरीत घसरली, तेव्हापासून कुणी जवळ आलं की ती दचकते. बर्फ मी फक्त फ्रिजमध्ये पाहिला आहे. तिच्या भुवईवर एक व्रण आहे, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि तो तिला फार शोभतो असं तिघंही आपापल्या शब्दांत सांगतात.

माझा व्रण डाव्या कानापासून निघतो, गाल ओलांडतो आणि हनुवटीखाली संपतो. माझ्या गोष्टीत दरी नव्हती. अस्वल होतं.

उन्हाळा लागला की आमच्या गावच्या बायका पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातात. अस्वलालाही तीच फुलं आवडतात, वाघ तर आसपास असतोच. म्हणून नियम एकच, घोळक्यानं जायचं आणि तोंड बंद ठेवायचं नाही. सुनांच्या तक्रारी, रेशनचा तांदूळ, जावयाची दारू, काहीही चालतं, आवाज हवा. माणसाचा आवाज आला की अस्वल आपल्या वाटेनं निघून जातं, एकदम समोरासमोर आलं तरच बिघडतं. विशीत मी मायसोबत गेले होते आणि वेचता वेचता गप्प झाले. मनातल्या मनात मी चंद्रपूरच्या एसटीत होते आणि एक देखणा कंडक्टर मला तिकिटाऐवजी हात देत होता. तो हात हातात येणार एवढ्यात झाडाआडून अस्वल आलं. तेही बिचारं गप्पच होतं. एखाद्याला अपघातानंतर कल्पना सुचू लागतात, माझा अपघातच कल्पनेनं झाला.

त्यानंतर मी जंगलात पाऊल टाकलं नाही. बाकी आमच्या उन्हाचे माझ्यावर उपकार आहेत. इथं बाहेर पडताना सगळ्याच पोरी तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, त्यामुळे वर्षातले बरेच महिने मी इतरांइतकीच सुंदर असते. घरी माय नेहमी माझ्या उजव्या बाजूला बसते. पाहुणे आले की मला अशा जागी बसवते की डावा गाल भिंतीकडे राहावा. तिनं त्या दिवसाबद्दल मला कधी काही विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

यंदा माझी कादंबरी अडकली. वनाधिकारी आणि नायिका विश्रामगृहात एकटे होते, बटणं ठरल्याप्रमाणे तुटलेली होती, आणि आता त्यानं तिच्या व्रणावर ओठ टेकायचे होते. तिथं आलं की मी लाइट घालवायची. पुढच्या भागात पुन्हा तेच, तर फोन वाजायचा. त्याच्या पुढच्या भागात चौकीदार चहा घेऊन आला. वाचक चिडले. एकीनं लिहिलं, "ताई, त्या दोघांना एकदा तरी लाइट न घालवता भेटू द्या." मी काय लिहिणार होते? व्रणावर कुणी प्रेमानं हात लावला की कसं वाटतं, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या गालाला पट्टी बदलणाऱ्या नर्सशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. तीन तीन पुरुष जुंपूनही मला हे एक वाक्य लिहिता येत नव्हतं, याची मला मनापासून लाज वाटत होती.

त्यातच माझं बिंग फुटलं. शेजारच्या काकूंची सून तीच कादंबरी वाचायची. मुंबईच्या कोट्यधीशांच्या घरी दर रविवारी आमच्याकडची कोथिंबिरीची सांभारवडी तळली जाते आणि त्यांचा ड्रायव्हर दारात उभा राहून आमच्यासारखाच तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो, एवढ्यावरून लेखिका इथलीच हे ताडून तिनं मला ओळखलं. दुसऱ्या दिवशी काकू दारात.

"आमची फुलं येचताना गानारी बाई भद्रावतीले पोराकडं गेली," त्या म्हणाल्या. "मोहावर बोलाले आता काई उरलं नाई. तू चाल आमच्यासंग. तुयी ते तीन नवऱ्यांची गोष्ट सांग."

"नवरे नाई अजून, काकू," मी म्हटलं.

"मंग तं चालच!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण अ‍ॅपवर बदाम मिळणं वेगळं आणि पहाटे उठून बायका आपली गोष्ट मागतात हे वेगळं. माझ्यातली लेखिका माझ्यातल्या भित्रीपेक्षा जास्त फुगलेली निघाली. मायनं माझ्यासाठी एक जास्तीची टोपली काढून ठेवली. मी घरीही मोबाइलवर फॉर्मच भरते असं ती समजत होती.

पहाटे जंगलात पोचलो, तर मोहाच्या झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन काळी केलेली होती, तिच्यावर फुलं पडलेली होती. तो गोड, आंबूस वास आला आणि मी आल्या वाटेकडे वळले. पण काकू म्हणाल्या, "सुरू कर," आणि मी सुरू केलं. डॉक्टर आला, चित्रकार आला.

"हा काऊन भिजून राह्यते दरवेळी?" एकीनं विचारलं. "छत्री नाई काय त्याच्यापाशी?"

मी म्हटलं, कलावंत आहे. त्यावर सगळ्या हसल्या आणि चित्रकार तिथंच बाद झाला. डॉक्टर काही काम करत नाही म्हणून त्याच्यावरही फुली बसली. राहिला वनाधिकारी. मी त्याला विश्रामगृहात नेलं, बटणं तोडली, त्याचा हात तिच्या उघड्या पाठीवरून कमरेपर्यंत आणला, आणि माझ्या लक्षात आलं की माय माझ्या अगदी मागे वेचते आहे. माझा आवाज खाली खाली गेला.

"मोठ्यानं बोल!" माय किंचाळली. "मोठ्यानं बोल, पोरी!"

तिला गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त माझा आवाज बंद होताना ऐकू आला होता. त्या दिवशीही तो असाच बंद झाला होता.

मग मी ओरडूनच सांगू लागले. पाठ, कंबर, मानेवरचा गरम श्वास, सगळं त्या जंगलातल्या यच्चयावत अस्वलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिथं लाइट घालवायची सोय नव्हती. चौकीदारही येईना. मी ओरडले, "तिच्या गालावर व्रण होता, कानापासून हनुवटीपर्यंत! लांब, आडवातिडवा! त्यानं तो पाह्यला, आन् कानापासून हनुवटीपर्यंत त्याच्यावर ओठ ठेवत गेला!"

तांदळाचा दाणा कधी एवढा झाला, मलाही कळलं नाही. सगळ्या बायका थांबल्या. मोहाखाली कधीच नसावी तशी शांतता झाली.

"दुखलं का तिले?"

माय विचारत होती. जखम ओली होती तेव्हासुद्धा तिनं हे मला नाही, डॉक्टरलाच विचारलं होतं.

"नाई," मी मोठ्यानंच सांगितलं, आणि रडू येत होतं ते येऊ दिलं. "आता नाई दुखत, माय. हिवाळ्यात जरासं ओढल्यावानी होते. पन कोनी हात लावला तं चालते तिले."

मायनं टोपली खाली ठेवली. फुलांनी चिकट झालेला हात लुगड्याला पुसला, तरी तो चिकटच राहिला. ती माझ्या डाव्या बाजूला आली आणि तोच हात माझ्या गालावर ठेवला, कानापासून खाली.

"बोल," ती म्हणाली. "गप्प नको राहू."