कवठाच्या पोटाचं विमान

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करायचे, एक डोळा मिटून हात लांब करून तिच्याकडे बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हे कशाचं होईल?"

दंतमंजनाची रिकामी डबी, संपलेल्या दोऱ्याचं रीळ, तुटकी फणी, खराट्याचा हीर, काहीही. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत केर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय उकिरड्यावर पोचत नसे. न विचारता मात्र कधी काही उचललं नाही. दारात चपला काढून उभे राहायचे आणि म्हणायचे, "वहिनी, हे टाकताय का?" एकदा ह्यांच्या मंजनाच्या डबीवर त्यांचा डोळा होता आणि ती अजून अर्धी भरलेली होती. हे म्हणाले, "अहो, दात तरी घासू द्या मला." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "सावकाश घासा. मला घाई नाही."

ते शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. चाळीत त्यांना सगळे 'विमानवाले' म्हणत. मी भाऊजी म्हणायची. ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसात फिटर होते. गाड्या पळवणारी वीज दिवसभर सांभाळायची आणि घरी येऊन आमच्यासारखाच कंदील पुसायचा. तेव्हा डोंबिवलीत स्टेशन सोडलं तर भाताची शेतं, विहिरी आणि आमच्यासारख्या दोन-चार चाळी, एवढंच होतं. अशा ठिकाणी एक मोठा माणूस खिडकीशी बसून खेळण्यातलं विमान करतो, ही गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. बायका विहिरीवर हसायच्या. मीही हसले असेन.

पण ते खेळणं नव्हतं, हे जवळून पाहिलं की कळायचं. महायुद्धात माल वाहणारी डाकोटा विमानं असायची, त्यांतलं एक त्यांनी हातभर लांबीचं केलं होतं. अंग भेंडाचं, म्हणजे बाशिंगं करतात ना, त्या पांढऱ्या हलक्या भेंडाचं. ठाण्याच्या बाजारातल्या बाशिंगवाल्याकडून ते आणायचे. इंजिनांची तोंडं रिळांची, पंखे डबीच्या पत्र्याचे. खिडक्यांना क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मा, गरम पाण्यात घासून काळं काढलेल्या. पत्र्याच्या जोडावरच्या खिळ्यांसाठी बोथट सुईने टोचून टोचून बारीक टिंबं उठवलेली. आणि या विमानाच्या पोटाखाली एक मोठा गोल फुगवटा होता. तसा फुगवटा कुठल्याच डाकोटाला नसतो.

तो फुगवटा कवठाचा होता. त्यासाठी किती कवठं फुटली त्याला हिशेब नाही. मंडईत ते दोरी घेऊन कवठाचा घेर मापायचे. मानपाड्याकडून भाजी घेऊन येणारी एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "काय रं दादा, खावाचा हाय का मोजावाचा?" करवंटी अर्धी कापायची, काचकागदाने आतून-बाहेरून घासत पातळ करायची, आणि ती अंड्याच्या टरफलाइतकी झाली की हमखास तडकायची. गर मात्र वाया जायचा नाही. तो वाटीत घालून आमच्याकडे यायचा. एका उन्हाळ्यात अख्खी चाळ कवठाची चटणी खाऊन कंटाळली. शेवटी मीच विचारलं, "भाऊजी, हे पोट असतं तरी कशाला?"

"असतं नाही वहिनी. असायला हवं होतं," ते म्हणाले, आणि मग पहिल्यांदाच त्यांनी सगळं सांगितलं.

लढाईच्या दिवसांत ते विमानदळात होते, पूर्वेच्या सरहद्दीवर. काम रडारचं. डोंगरासमोर ओरडलं की हाक परत येते, तशी यंत्राची हाक विमानावर आपटून परत येते आणि काचेवर एक ठिपका उमटतो. त्या ठिपक्यावर डोळा ठेवून बसायचं. कल्याणचा त्यांचा शाळेपासूनचा मित्र वसंता त्यांच्याबरोबरच भरती झाला होता. तो विमानात बिनतारी यंत्रावर असे. दोघं निघाले तेव्हा वसंताची आई कल्याण स्टेशनवर आली होती. तिने दोघांच्या हातावर दही घातलं आणि भाऊजींना म्हणाली, "तू थोरला. त्याच्यावर लक्ष ठेव."

पुढे एका पावसाळ्यात वसंताचं विमान डोंगरापलीकडे धान्य टाकायला गेलं. भाऊजी त्या दिवशी काचेसमोर होते. ठिपका सरळ चालला होता. मग डोंगराची रांग आली. हाक डोंगरावरूनच परतते, पलीकडचं काही दिसत नाही. ठिपका रांगेमागे गेला आणि बाहेर आलाच नाही. ढग होते. विमान सापडलं नाही, माणसंही नाहीत.

"रडार जमिनीवर होतं ना," ते म्हणाले. "तेच वर असतं, विमानाच्या पोटात, तर डोंगराचा अडथळा आला नसता. मी त्यात बसलो असतो. समोरच्या कड्याकडे चाललाय हे मला दिसलं असतं. नुसतं 'डावीकडे वळ' म्हटलं असतं तरी पुरे होतं."

"तेव्हा तसं विमान होतं?"

"आमच्याकडे नव्हतं."

कल्याणला वसंताची आई एकटीच राहत होती. दर रविवारी ते तिच्याकडे जात. तिचं दळण, औषध, छपराची कौलं, सगळं तेच बघत. आणि दर रविवारी ती कधी ना कधी विचारायची, "तुला दिसत होता ना रे तो?" ते म्हणायचे, "हो काकू." ती म्हणायची, "मग?" ते सांगायचे, "मध्ये डोंगर आला." मग ती चहा टाकायची. लढाई संपून वर्षं लोटली तरी यात बदल नव्हता. "एवढंच विचारतात," ते मला म्हणाले, "पण शनिवारपासूनच मी ते उत्तर घोकत असतो."

विमान त्यांना पुरं करायचंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. शेपूट बसलं की ते म्हणायचे, पंख जाड झाले. पंख घासून झाले की कवठ लहान वाटायचं. असं किती वर्षं चाललं असतं देव जाणे. पण एके दिवशी पॉवरहाऊसातल्या एका साहेबांनी त्यांना परदेशी मासिकातलं एक चित्र दाखवलं. त्यात खरंखुरं विमान होतं आणि त्याच्या पोटाखाली तसाच गोल फुगवटा होता. ते चित्र मागून घेऊन ते आमच्या दारात आले. मला वाटलं, आनंद झाला असेल.

"केलंय त्यांनी," ते म्हणाले. "म्हणजे करता येत होतं."

त्या आठवड्यात ते कामावरून आले की सरळ खिडकीशी बसायचे. कवठ बसलं, रंग लागला, तांब्याच्या तारा ओवून झाल्या. रविवारी सकाळी ते दारात आले. "वहिनी, आज तुम्ही याल का बरोबर? काकूंना दाखवायचंय. बाईमाणूस बरोबर असलं तर त्या मोकळं बोलतील."

मी गेले. कल्याणला उतरून टांगा केला. विमान त्यांनी धोतराच्या मऊ पानात गुंडाळून तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेतलं होतं, आणि खड्डा आला की ते स्वतःच अधांतरी व्हायचे. वाटेत मला म्हणाले, "त्यांना इतकी वर्षं मी नुसतं 'डोंगर आला' एवढंच सांगतोय. यावरून नीट समजावता येईल."

काकूंना मोतीबिंदूने जवळजवळ दिसत नव्हतं. वाळलेल्या, उंच, ताठ बसणाऱ्या बाई. त्यांनी मला बसायला पाट दिला, माझं माहेर विचारलं. मग भाऊजींनी विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी दोन्ही हातांनी चाचपायला सुरुवात केली. पंख, पंखे, शेपूट. बोटं कवठापाशी आली आणि त्या हसल्या.

"हे काय रे? पोटुशी आहे की काय ही?"

मलाही हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. गुडघ्यांवर बसून त्यांनी सगळं समजावलं. पाटाला डोंगर केलं, माझ्या बांगडीला ढग केलं. काकूंचा हात धरून दाखवलं, इथे वसंता, इथे कडा, आणि इथे वर मी. शाळामास्तराने समजावावं इतकं ते सोपं होतं. बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. तसा तो मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"आणि मग तू त्याला सांगितलं असतंस?" काकूंनी विचारलं.

"हो. डावीकडे वळ म्हणून."

"त्याला ऐकू गेलं असतं?"

"कानालाच यंत्र होतं ना त्याच्या."

"मग वाचला असता?"

"वाचला असता काकू. नक्की वाचला असता."

काकूंचे हात विमानावर तसेच राहिले. बाहेर कुणीतरी रहाट ओढत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मला वाटायचं, काही इलाज नव्हता," काकू म्हणाल्या. "डोंगर देवाने ठेवलेला. त्याला कोण काय करणार? तू दर वेळी डोंगर म्हणायचास ना, मला तेवढं ऐकलं की बरं वाटायचं. म्हणून विचारायची रे मी. आता तू म्हणतोस, एवढीशी वस्तू असती तर तो घरी आला असता."

ते डोंगर केलेला पाट जागेवर सरकवू लागले.

"ने हे," काकू म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. विमान त्यांनी दोन्ही हातांनी उचलून पुढे धरलं, पडू नये म्हणून जपून. "चहा टाकते."

परतीच्या वाटेवर त्यांनी विमान गुंडाळलंही नाही.

ते पुढेही दर रविवारी कल्याणला जात राहिले. दळण, औषध, कौलं, सगळं तसंच. फक्त काकूंनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. पाऊस आहे का, गाडी वेळेवर होती का, एवढंच बोलायच्या. "विचारतील म्हणून मी थांबतो वहिनी," ते एकदा म्हणाले. "दिवेलागणीपर्यंत थांबतो. नाही विचारत." आमच्याकडच्या रिकाम्या डब्या आता केरात जाऊ लागल्या. मी एकदा मुद्दाम एक चांगली डबी त्यांच्या दाराशी ठेवली. दोन दिवसांनी ती तिथेच होती, तिच्यात पावसाचं पाणी साचलं होतं.

पुढच्याच हिवाळ्यात काकू आजारी पडल्या. शेवटी शुद्ध येत-जात होती. भाऊजी रजा घेऊन उशाशी बसलेले. एका दुपारी काकूंनी डोळे उघडले, भाऊजींचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "आलास? वसंता, आलास रे?"

मी दाराशी पेज घेऊन उभी होते. मला वाटलं, आता हो म्हणतील. कुणीही म्हटलं असतं.

"नाही काकू," ते म्हणाले. "मी आहे."

काकूंनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. ओटीवर येऊन ते मला म्हणाले, "एक शब्द होता, वहिनी. तोंडून निघाला नाही. पुन्हा त्या विमानासारखं नसलेलं दाखवायचं..." पेज निवून गेली.

ते थोड्याच दिवसांत बदली मागून दूर कुठेतरी गेले आणि त्यांची खोली एका मोठ्या कुटुंबाने घेतली. त्या विमानाचं काय झालं मला माहीत नाही. जाताना त्यांच्या सामानात एक ट्रंक आणि वळकटी होती. पण भाऊजी म्हटलं की मला आठवतो तो ते जाण्याआधीचा एक दिवस, आणि तोही मी पाहिलेला नाही. ह्यांनी स्मशानातून आल्यावर आंघोळ करून सांगितलेला.

खाडीवर काकूंना नेलं होतं. अग्नी द्यायला नाशकाकडचा एक पुतण्या आला होता. काकूंना त्याने पूर्वी कधी पाहिलंही नसावं. चिता पेटल्यावर लोक पाण्याकडे वळले, भाऊजी तिथेच उभे राहिले. पुतण्याने जवळ जाऊन नम्रपणे विचारलं, "आपण कोण? घरच्यांपैकी का?"

हे सांगत होते, भाऊजींनी आधी चितेकडे पाहिलं. टोपी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "मी डोंबिवलीला असतो."