गर्डरवरचा लाल ठिपका

बिजौलीतली ती जुनी शेड आम्ही पाडत नव्हतो, खोलत होतो. एकेक गर्डर सुटा करून खाली ठेवायचा, त्यावर स्टिकर लावायचं, मोबाइलनं स्कॅन करायचं, की तो कंप्युटरमधल्या नव्या इमारतीच्या चित्रात जाऊन बसायचा. जुन्यातूनच नवं उभं करायचं, असं इंजिनिअर ताई सांगायच्या, आमच्यासारख्याच मराठी. स्टिकरचं काम माझं. आठवीच शिकलेय, पण मोबाइल येतो चालवता. तडकलेल्या गर्डरवर तपासणीवाले लाल रंगाचा ठिपका देऊन जायचे. त्याला स्टिकर नाही, तो वितळवायला.

त्या दिवशी खंडेनवमी. इथल्या हिंदी लोकांची विश्वकर्मा पूजा कधीच होऊन गेलेली, आपली खंडेनवमी कुणाला माहीत? पण माझ्या सासरी तलवारीपासून विळीपर्यंत सगळ्या लोखंडाला कुंकू लागतं. म्हणून सकाळी कुणी यायच्या आत मी कटरला लावलं, क्रेनला लावलं, हाताशी आले त्या गर्डरांनाही लावलं.

संध्याकाळी मुलीला भरवत होते, घास हातातच राहिला. आठवलं, दुपारी एका गर्डरवर लाल ठिपका होता, माझंच कुंकू म्हणून मी बोटानं चोळला आणि त्याच्यावरच स्टिकर दाबलं. बोटाला लाल लागलंच नव्हतं.

आणि त्या नव्या इमारतीत खाली आमच्या मोहल्ल्याची अंगणवाडी होणार होती. माझी ही लेक तिथेच बसणार ना!

नवरा म्हणाला, "चूप बस. काम जाईल."

"आणि छत आलं खाली तर?"

"एवढं मोठं लोखंड, असं कसं येईल?"

झोप कसली. सकाळी मुलीला काखोटीला मारून पळतच गेले. सुपरवायझर हसले, "क्या भाभीजी, आज बिटिया भी ड्यूटी पे?" मी ताईंसमोर उभी, आणि मराठी येईचना तोंडात. "ताई, गलती हो गई, म्हणजे झाली, माझ्याकडून, तो लाल वाला..."

सगळं ऐकून ताईंनी विचारलं, "कोणता गर्डर?"

"तेच तर नाही माहीत."

त्यांनी लॅपटॉप वळवला. काल दुपारी मी स्कॅन केलेले गर्डर चित्रात हिरवे झाले. एकोणीस. त्यातले सहा अंगणवाडीच्या छतात. मी मुलीला ताईंच्या हातात दिलं, विचारलं पण नाही, आणि जाऊन स्टिकर सोलायला लागले. पहिल्याखाली कुंकू, बोट लाल झालं. मग दोन कोरे. मग परत कुंकू. नखं दुखायला लागली. अकराव्याखाली लाल ठिपका, चोळला, थुंकी लावून चोळला, नखानं खरवडला. निघेना. बाजूला केसाएवढी चीर.

मी खालीच बसले.

ताईंनी तिथल्या तिथे तो गर्डर चित्रातून काढला. छतात एक रिकामी पट्टी दिसायला लागली.

"पुढच्या वर्षी लावा हो कुंकू," ताई म्हणाल्या, "पण मला सांगून. तपासणीवाल्यांना निळा रंग आणायला लावते. उठा आता, सापडला ना?"

काम राहिलं की गेलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

"अजून आठ आहेत," मी म्हटलं, आणि बारावा सोलायला घेतला.