बादली काढणाऱ्या बाईनं समुद्रातला मासा काढला

गावाकडच्या मैत्रिणींनो, हातातलं काम ठेवा अन् वाचा. तुमच्या या लोहा गावच्या बाईनं आज कॅनडाच्या समुद्रात मासा धरलाय!

मी लेकीकडं आलेय, ठाऊकच हाय. आज सकाळी जावयांनी गाईडसकट बोट ठरवली, पिंक सॅल्मन मासे धरायला. मला म्हणले, "आई, तुम्ही आरामात बसून बघा."

बसले बघत. जावयांच्या गळाला दोनदा मासा लागला, दोनदा त्यांनी हिसका मारला, दोन्ही सुटले. गाईड इंग्रजीत अन् लेक मराठीत सांगून राहिली, "याचं तोंड मऊ असतं, हिसक्यानं फाटतं." जावई पार बेजार.

मी म्हणलं, "अगं, हे तर बादली काढल्यागत हाय! आण इकडं."

आठवतंय ना? कुणाची बादली विहिरीत पडली की गळ घेऊन मलाच बोलवायचे. गळ अडकला की हिसका द्यायचा न्हाई अन् दोर ढिला सोडायचा न्हाई.

माझ्या गळाला मासा लागला तवा तेच केलं. मासा पळाला की पळू दिला, दमला की चक्री फिरवली. दंड भरून आले, पण सोडला न्हाई. नाव गुलाबी, निघाला चांदीवानी!

गाईडनं लेकीला विचारलं, "यांनी आधी काय काय धरलंय?"

मी म्हणलं, "सांग त्याला, बादल्या. अन् एकदा पाटलीणबाईंचा हंडा."

हंडा काढला तवा कुणी फोटो काढला न्हवता. आजचा खाली टाकलाय.

आता सांगा, आपला तो विहिरीचा गळ सध्या कुणाच्या घरी हाय?